लाभांश हवा, करही हवा



अलास्का कुठे आहे, अमेरिकेने ते रशियाकडून कधी आणि कितीला विकत घेतलं, तिथे थंडी केवढी असते, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे असं धरून चालतो. नाहीतर नऊ इथेच वाजतील. (हशा)

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. ज्या राज्यात नागरिक कर भरत नाही, त्या राज्याचा अर्थसंकल्प नागरिकाचा राहत नाही. अलास्काने १९८० साली प्राप्तिकर रद्द केला. तिथे विक्रीकरही राज्याचा नाही. आज दर वसंतात जुनो या राजधानीत अर्थसंकल्पावरून आणि लाभांशावरून जे भांडण पेटतं, त्याचं मूळ त्या एका निर्णयात आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९६८ मध्ये प्रुडो बे इथे तेल सापडलं. पुढच्याच वर्षी जमिनींच्या लिलावातून राज्याला ९० कोटी डॉलर मिळाले आणि ते पैसे काही वर्षांत खर्चूनही टाकले गेले. लोक हादरले, आणि १९७६ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून खनिजांच्या रॉयल्टीचा किमान २५ टक्के भाग कायमनिधीत टाकायचं ठरलं. मुद्दलाला हात लावायचा नाही. तेलाच्या भावाची पुढची कहाणी मी सोडून देतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ती माहीत असते.

पण जे हॅमंड या माणसाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं उडवलेला, नंतर अलास्कात जंगलावरून छोटी विमानं चालवणारा, मासेमारी करणारा हा दाढीवाला गृहस्थ. १९७४ मध्ये तो गव्हर्नर झाला तो अवघ्या २८७ मतांनी. या निधीतून रहिवाशांना लाभांश द्यायची कल्पना त्याच्या डोक्यात आली ती तेलावरून नव्हे, माशांवरून. ब्रिस्टॉल बे हा सॅमन माशाचा जगातला फार मोठा पट्टा. उन्हाळ्यात बाहेरच्या नावा येत, मासा भरून नेत, आणि पैसा त्यांच्याबरोबरच निघून जाई. किनाऱ्यावरच्या गावात ना धड शाळा, ना गटारं. तिथल्या स्थानिक संस्थेचा कारभार हॅमंडकडे असताना तो म्हणाला, माशावर ३ टक्के कर लावू, पैसे गुंतवू आणि इथे राहणाऱ्या प्रत्येकाला शेअर देऊ. लोकांनी मतदानात साफ नाही म्हटलं. मग त्याने सांगितलं, हा कर लावला तर तुमची घरपट्टी जाईल. लगेच होकार! (हशा)

हसू नका, यातच सगळं आलं. मालकीचा हिस्सा देऊ म्हटलं तर माणूस बिचकतो, आणि कर माफ म्हटलं की हात वर करतो. आपल्या साखर कारखान्याचा सभासद वार्षिक सर्वसाधारण सभेत उभा राहून चेअरमनला घाम फोडतो, तो का? त्याचा शेअर आणि त्याचा ऊस, दोन्ही तिथे अडकलेले असतात. हॅमंडला असा सभासद घडवायचा होता. लाभांश त्याला मिळाला. प्राप्तिकर रद्द करायला मात्र त्याचा विरोध होता. विधिमंडळ ऐकेना, म्हणून त्याने नाइलाजाने सही केली. १९७९ सालापासूनचा कर माफ झाला. २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा माणूस सांगत राहिला की ते चुकलं.

लाभांशाचा पहिला कायदा असा होता की १९५९ पासून राज्यात जितकी वर्षं काढली, तितके ५० डॉलर. झोबेल नावाचं वकील जोडपं नुकतं राज्यात आलेलं. ते थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८२ मध्ये न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. जुना रहिवासी आणि नवा रहिवासी असा भेद चालणार नाही. मग सगळ्यांना सारखे, अगदी तान्ह्या मुलालाही, १,००० डॉलर मिळाले.

(श्रोत्यांतून : म्हणजे लाडकी बहीणच!)

आलं का ते? (हशा) मला वाटलंच होतं. नाही, साहेब. लाडकी बहीण ही सरकारने तिजोरीतून दिलेली मदत आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे, वयाची अट आहे. अलास्कात करोडपतीलाही तेवढाच चेक मिळतो, कारण तो मालकीचा हिस्सा मानला जातो. मदत बंद झाली तर माणूस विनंती करतो. हिस्सा कापला गेला तर भांडतो.

आणि हिस्सा कापला गेला. तेलाचं उत्पादन १९८८ मध्ये दिवसाला २० लाख पिंपं होतं, ते पाव हिश्शाखाली आलं. २०१६ मध्ये गव्हर्नर बिल वॉकर यांनी नकाराधिकार वापरून लाभांश निम्मा केला आणि १,०२२ डॉलर हातात ठेवले. आता हिशेब बघा. युकॉन नदीकाठच्या गावात आईवडील आणि पाच मुलं असं घर आहे. मासेमारी, शिकार, थोडी मजुरी. त्या घराचे एका फटक्यात सुमारे ७,००० डॉलर गेले. अँकरेजमध्ये एकट्या राहणाऱ्या इंजिनिअरचे गेले १,०००. आणि जो टेक्ससमधून विमानाने येतो, दोन आठवडे तेलक्षेत्रात काम करून घरी परततो, त्याचा गेला शून्य! अलास्कात काम करणाऱ्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा असा बाहेरचा आहे. हा करच होता, श्रोतेहो. फक्त तो गरिबाकडून जास्त घेणारा कर होता आणि त्याला कर म्हणायची कुणाची तयारी नव्हती. अलास्का विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनीही त्याच वर्षी दाखवून दिलं की तूट भरायचे जे मार्ग समोर आहेत, त्यांत लाभांशकपात गरिबाला सर्वांत जास्त लागते. (टाळ्या)

२०१७ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने प्राप्तिकराचं विधेयक मंजूर केलं. सिनेटने ते फेटाळलं. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लाभांश किती द्यायचा हे दरवर्षी विधिमंडळच ठरवणार. पुढच्या वर्षी माइक डनलेव्ही पूर्ण लाभांशाचं वचन देऊन गव्हर्नरपदी निवडून आले. कर नको, लाभांश पूर्ण हवा, मग पैसा आणायचा कुठून? २०१९ मध्ये कुऱ्हाड पडली विद्यापीठावर. राज्याच्या अनुदानातले १३ कोटी डॉलर छाटले. एवढा ओरडा झाला की नंतर ती कपात तीन वर्षांत विभागून ७ कोटींवर आणावी लागली.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. कुणी म्हणेल, करांची एवढी बाजू घेणारा माणूस सरकारी गोटातला असणार. तसं काही नाही. कर भरणाऱ्या माणसाला जाब विचारायची सवय लागते, आणि ती सवय मला हवी आहे, एवढंच.

शेवटचा मुद्दा आपल्या शेजारचा. एप्रिल २०१४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या लोहखनिजाच्या विक्रीमूल्यातले १० टक्के एका कायमनिधीत टाकायचा आदेश दिला. गोवा फाउंडेशन या संस्थेने ही लढाई लढली, आणि गोंयची माती ही चळवळ आज सांगते की खनिजाचं सगळं मोल निधीत यावं आणि त्याचा लाभांश प्रत्येक गोंयकाराला मिळावा. मागणी योग्य आहे, मी तिच्या बाजूने आहे.

अलास्काचा २०२५ चा लाभांश १,००० डॉलर आहे. १९८२ चा पहिलाही तेवढाच होता. त्रेचाळीस वर्षांत डॉलरची किंमत किती घसरली, ते तुम्हीच बघा. गोव्यातून आज इथे आलेल्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे : लाभांश हक्काने मागा, पण त्याच्या जोडीला कुणी करमाफी देऊ केली, तर ती घेऊ नका.