प्रवराकाठच्या गृहिणी

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



आज एखाद्या राणीची गोष्ट सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह होता. म्हणून राणी आणली आहे, पण ती फार दूरची. आज ज्याला आपण तुर्कस्तान म्हणतो, तेथे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी हित्ती लोकांचे बलाढ्य राज्य होते. पुदुहेपा ही त्यांची राणी. इ. स. पू. १२५९ च्या सुमारास इजिप्तच्या राजाशी तह झाला, तेव्हा तहाच्या चांदीच्या पत्र्यावर नवऱ्याच्या मुद्रेबरोबर हिचीही मुद्रा उमटली. हे लोक मोठे लिहिणारे. कायदे, प्रार्थना, पत्रे, सारे मातीच्या विटांवर कोरून ठेवीत. मितन्नी नावाच्या शेजाऱ्यांशी केलेल्या त्यांच्या एका तहात तर मितन्नींच्या बाजूने मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या आपल्या ओळखीच्या देवांना साक्षीला बोलावले आहे!

आता राणीला तिथेच बसू द्या. त्याच काळात आपल्या प्रवरेच्या काठी बायका काय करीत होत्या?

संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले. त्या गावाचेच नाव एका संस्कृतीला मिळाले. तिचा काळ साधारण इ. स. पू. १४०० ते १०००. पुढे नेवासे आणि श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथेही तीच वस्ती सापडली. दायमाबादला १९७४ साली सापडलेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांचा फार बोलबाला झाला. धातूची ती चार चित्रे मिळून साठ किलोंहून जड भरतात. पण मला विचाराल तर त्याहून मोलाची आहेत ती मडकी. तांबूस रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी, तोटीची भांडी, पातळ काठाचे वाडगे. भाजणी इतकी पक्की, की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज यावा. घरे कुडामातीची, आत चूल. दळायला पाटा-वरवंट्यासारखे दगड; फिरते जाते फार उशिरा, सातवाहनांच्या काळी आले. लिहिणे मात्र नव्हते, त्यामुळे एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

मूल दगावले तर ही माणसे दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. जवळ एखादे लहान भांडेही ठेवीत. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजाने तिच्या दोऱ्याचा अंश राखला होता. तपासणीत तो रेशीम आणि कापूस यांचा निघाला. मोठ्यांना पुरताना घोट्याखालची पावले तोडीत. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, असा तर्क केला जातो. असेलही. पण चुलीपाशी पुरलेल्या लेकराबद्दल भीतीचा तर्क मला पटत नाही. ज्या आईने माळ तशीच गळ्यात राहू दिली, तिला लेकरू लांब जायला नको होते, एवढेच मला दिसते.

इ. स. पू. १००० च्या सुमारास ही गावे ओस पडली. पाऊस हटला, हे कारण पुष्कळ विद्वान देतात. हित्तींची राजधानी हत्तुशा त्याआधीच, इ. स. पू. ११८० च्या सुमारास ओसाड झाली होती. जुन्या लाकडातील वाढीची वलये तपासून, तिकडे इ. स. पू. ११९८ ते ११९६ अशी तीन वर्षे लागोपाठ कडक अवर्षण पडल्याचे २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. आपल्यापैकी ज्यांनी १९७२ सालचा दुष्काळ पाहिला, खडी फोडायला गेल्या, त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

गाव सोडताना शेळ्या नेता येतात, दाणे नेता येतात, हलकी भांडी डोक्यावर घेता येतात. जमिनीखालची ती जोडमडकी मात्र कोणी उकरून नेली नाहीत. चुलीशेजारी ती जिथल्या तिथे राहिली, आणि तीन हजार वर्षांनी तशीच सापडली.