बोनेटखालची 'ची-ची' आणि घरी बदलायचा बेल्ट

आजचा विषय फॅन बेल्ट. नाव जुनंच आहे. आता बहुतेक गाड्यांत पंखा वेगळ्या मोटरवर फिरतो, पण गॅरेजमध्ये अजून फॅन बेल्टच म्हणतात. हा पट्टा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपसुद्धा. तो घाटात तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. पंप त्याच्यावर असेल, तर काही मिनिटांत इंजिन तापतं. अशा वेळी "पुढच्या गॅरेजपर्यंत रेटू" नको. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

आधी एक स्पष्ट करतो. टायमिंग बेल्ट वेगळा. तो कव्हरच्या आत असतो, एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. त्याला घरी हात लावायचा नाही. आपण बोलतोय बाहेर दिसणाऱ्या पट्ट्याबद्दल.

सकाळी गाडी चालू केली की 'ची-ची' होते ना? लगेच नवा पट्टा मागवू नका. इंजिन चालू ठेवून, जरा लांबूनच, पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. ओढणी, मोकळे केस, इअरफोनची वायर लांब ठेवा, हे गमतीत घेऊ नका. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला, तर पट्टा सैल पडून घसरतोय. अशा वेळी नुसता नवा पट्टा घातला तर आवाज परत येणार. आणि पट्ट्यावर ऑइल किंवा कूलंट दिसलं तर आधी गळती शोधा.

आता बदलायचं. इंजिन थंड, चावी खिशात, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवलेला. मग मोबाईल काढा आणि पट्टा कुठून कसा फिरलाय त्याचे फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी. पट्टा निघाल्यावर सगळ्या पुल्या सारख्याच दिसतात हो! जुन्या पट्ट्याच्या पाठीवर '६पीके१२००' असा नंबर असतो: सहा रेघा, लांबी १२०० मिलिमीटर. दुकानात तोच नंबर दाखवा.

ऑटोमॅटिक टेन्शनर असेल तर पान्याने तो फिरवून धरायचा आणि सोप्या पुलीवरून पट्टा सरकवायचा. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून ताण कमी करावा लागतो. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, ताणून बसवायचा पट्टा असतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवू नका, रेघा फाटतात. ते काम मेकॅनिकचं.

पट्टा निघालाय तोवर टेन्शनरची आणि मोकळी फिरणारी पुली हाताने फिरवा. घरघर लागली तर बेअरिंग गेलंय, आत्ताच बदला. नवा पट्टा चढवला की प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा, एखादी रेघ बाहेर राहिली तर पट्टा लवकरच उडतो. बॅटरी जोडा, दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पुन्हा बघा. जुना पट्टा तुटलेला नसेल तर डिकीत टाकून ठेवा.