कळफलक घ्या, पण करंगळीला विचारून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चप्पल घेताना आपण ती पायात घालून चार पावलं चालून बघतो. चष्मा घेताना डोळे तपासून घेतो. संगणकाचा कळफलक, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत कीबोर्ड, घेताना मात्र दुकानदार देईल तो पिशवीत घालून घरी आणतो. दिवसाकाठी दोन पत्रं टाइप करणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण ज्याला रोज दोन-तीन तास मराठी लिहायचं आहे, त्यानं थोडा विचार करायला हवा. तो विचार कसा करावा, एवढंच आज सांगणार आहे.

मला ही गरज का पडली, ते आधी सांगतो. मी राहतो बिरवाडीला. महाडजवळ, काळ नदीच्या काठी. आमच्या कोकणी मुसलमान घरांत लग्नाच्या हळदी-मेंदीला बायका आपल्या बोलीतली गाणी म्हणतात. माझ्या खालाला अशी कितीतरी गाणी पाठ. गेल्या तीस वर्षांत मी ती वह्यांमध्ये उतरवून घेतली, अकरा वह्या झाल्या. त्यातल्या तीन महाडला एका नातेवाइकाकडे होत्या. २२ जुलै २०२१ रोजी महाडात पुराचं पाणी शिरलं, त्यात त्या भिजल्या. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. जिथं ओळ वाचता येत नाही तिथं खालाला विचारावं लागतं. तिनं आता ऐंशी ओलांडली आहेत. कधी गाणं सरळ आठवतं, कधी दोन दिवसांनी आठवतं. म्हणून ठरवलं की रोज सकाळी ती सांगेल ते आणि वहीत असेल ते संगणकावर घालायचं.

कुणी म्हणेल, मोबाइलमध्ये बोलून लिहायची सोय असताना टाइप कशाला करता? करून पाहिलं. मोबाइल आमची बोली ऐकतो आणि आपल्या मनानं तिची पुस्तकी मराठी करून टाकतो. गाण्याचा जीव त्या बोलीतच असतो. तेव्हा बोटांना पर्याय नव्हता.

आणि बोटंच कुरकुरू लागली. पंचावन्नच्या पुढचं वय. उजव्या हाताची करंगळी संध्याकाळपर्यंत ठणकायची. संगणकाबरोबर आलेला कळफलक रबराच्या पडद्याचा होता. त्यात सगळ्या कळांखाली रबराचा एकच पातळ पडदा असतो. कळ तळाला टेकेपर्यंत दाबली तरच अक्षर उमटतं, आणि वर्ष-दोन वर्षांत रबर कडक झालं की आणखी जोर लावावा लागतो. मुंबईत नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही मेकॅनिकल घ्या.’’

मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र बटण असतं आणि त्या बटणात स्प्रिंग असते. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते, पण दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. म्हणजे तळापर्यंत ठोकायची गरज उरत नाही. एखादी कळ बिघडली तर काही कळफलकांत तेवढंच बटण उपटून दुसरं बसवता येतं. एक बटण पाच कोटी वेळा दाबलं तरी टिकतं, असा कंपन्यांचा दावा असतो. तो कुणी मोजत बसणार नाही, पण रबरापेक्षा ही चीज टिकाऊ, हे खरं.

यात फार नवलाईचं काही नाही. ज्यांनी टाइपरायटरवर हात बसवला त्यांना प्रत्येक कळीचा वेगळा जीव ठाऊक आहे. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. पुढं तालुक्या-तालुक्याच्या गावी टायपिंगचे वर्ग निघाले. मीही बी.ए. करताना मिनिटाला तीस शब्दांची मराठीची परीक्षा अशाच वर्गात बसून दिली. २०११ मध्ये टाइपरायटरचं उत्पादन थांबल्याच्या बातम्या आल्या, तोवर ती खडखड संगणकापाशी पोचली होती. टीव्हीएस गोल्ड नावाचा देशी कळफलक आठवा. बँकेच्या खिडकीआड, छापखान्यात, डीटीपीच्या दुकानात जो टकटक वाजायचा तो. त्यात जर्मनीच्या चेरी कंपनीची निळी बटणं असायची. तोही मेकॅनिकलच, फक्त लांबरुंद, १०४ कळांचा.

आता छोट्या आकाराचं. पूर्ण कळफलक सुमारे ४४ सेंटिमीटर लांब असतो. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन काढला की उरतात ८७ कळा, लांबी सुमारे ३६ सेंटिमीटर. आणखी आवळला की ८४, मग ६८, मग ६१. त्याहून लहानही मिळतात, त्यात वरची आकड्यांची ओळसुद्धा नसते. छोटा घेण्याचा फायदा नुसता जागेचा नाही. कळफलक आखूड झाला की माऊस अंगाजवळ येतो आणि उजवा खांदा दिवसभर ताणलेला राहत नाही. माझ्यासारख्या पडवीतल्या छोट्या टेबलावर लिहिणाऱ्याला वहीसाठीही जागा राहते.

पण खरी गोम पुढं आहे. कोणती कळ कमी केली तर चालेल, हे ज्यांनी ठरवलं ते इंग्रजी लिहिणारे होते. इंग्रजीत उजव्या कडेच्या कळा म्हणजे कंस, अर्धविराम, तिरपी रेघ. क्वचित लागणाऱ्या. मराठीत तिथं कोण बसलंय बघा. सरकारनं १९८६ मध्ये भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी प्रमाण ठरवली. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. चौकोनी कंसाच्या कळीवर ‘ड’ आहे, अर्धविरामाच्या कळीवर ‘च’, अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’, तिरप्या रेघेवर ‘य’. ‘ज’ही तिथंच शेजारी. ‘डॉक्टर’ आणि ‘कॉलेज’मधला ‘ऑ’चा कानाचंद्र उलट्या तिरप्या रेघेवर. ‘मृग’ आणि ‘कृपा’मधला ऋकार वरच्या ओळीत बरोबरच्या चिन्हावर. ही सगळी बिऱ्हाडं एकट्या उजव्या करंगळीच्या पदरात. माझी करंगळी का ठणकत होती, ते मला हा नकाशा समोर मांडल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट शिफ्टची. इंग्रजीत ती वाक्याच्या आरंभी लागते. मराठीत शब्दाशब्दाला लागते. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण शिफ्टवर. ण, ळ, श, ष शिफ्टवर. ‘दुसऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ शिफ्टवर. ‘ण’ सोडला तर ही अक्षरं उजव्या हाताची, म्हणून शिफ्ट दाबायची डाव्या करंगळीनं. सुटे स्वर, म्हणजे अ, आ, इ, ई, डाव्या हाताचे, त्यांना उजवी शिफ्ट.

‘ज्येष्ठ’ हा शब्द घ्या. लिहायला सात वेळा कळ दाबावी लागते. त्यात तीनदा उजवी करंगळी आणि दोनदा शिफ्ट. इंग्रजीसाठी काढलेला छोटा कळफलक नेमका इथंच कात्री लावतो. काहींत डावी शिफ्ट अर्धी कापून तिथं जादा कळ घातलेली असते. काहींत बाणाच्या कळीला जागा करून देण्यासाठी तिरपी रेघ हलवलेली असते, म्हणजे आपला ‘य’ बिऱ्हाड बदलतो. आकड्यांची ओळच नसेल तर मृग नक्षत्र कोरडंच जाणार.

उलट काही कळा गेल्या तरी मराठीला चिमटासुद्धा बसत नाही. आकड्यांचा चौकोन गेला तर हिशेबनीस रडेल, कवी नाही. एक आकड्याच्या डावीकडची कळ मराठीला लागत नाही. सगळ्यात वरची एफ-एक, एफ-दोनची ओळही नसली तरी लेखन अडत नाही. बाणाच्या कळा मात्र हव्यात. कविता लिहिणारा माणूस पुढं जातो त्याहून जास्त मागं येतो.

हे सगळं कागदावर लिहून मी भाच्याबरोबर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराला म्हटलं, मला मराठी लावून द्या. त्यानं थोडं विचित्र नजरेनं पाहिलं, पण लावून दिलं. मग मी प्रत्येक कळफलकावर पाचच शब्द लिहिले. ज्येष्ठ, डॉक्टर, मृग, छत्री, दुसऱ्या. ६१ कळांचा दिसायला फार देखणा होता, पण बाणासाठी दोन कळा एकदम दाबाव्या लागत. ६८ आणि ८४ कळांच्या ज्या दोन मी पाहिल्या त्यांत उजवी शिफ्ट आखूड होती, ‘आई’ लिहिताना बोट बाणावर जाई. ८७ कळांच्या कळफलकावर पाचही शब्द न अडखळता उतरले. तोच घेतला. मराठीचं काहीही न गमावता जेवढं लहान होता येतं तेवढा तो लहान आहे.

बटणांचा रंगही पाहावा लागतो. रंगावरून स्वभाव कळतो. लाल बटण सरळ खाली जातं, दाब सुमारे ४५ ग्रॅमचा. निळं बटण टक् असा आवाज करतं आणि त्याला जोरही जास्त लागतो. तपकिरी बटणात आवाज न होता बोटाला हलकासा खटका जाणवतो. मी तपकिरी घेतलं. फजरनंतर घरात कुणी झोपलेलं असतं, आणि खाला हळू आवाजात गुणगुणते तेव्हा मला तिचा शब्द ऐकू यायला हवा. टाइपरायटरची सवय असलेल्यांनी हात हलका करायला मात्र शिकावं. अडीच-तीन हजारांपासून बरा कळफलक मिळतो. कळांवर देवनागरी छापलेली नसते, पण हात बसला की ती बघावी लागत नाही. नवशिक्यानं अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात. आणि आपल्याकडच्या पावसात तो खिडकीपाशी उघडा ठेवू नये. बटण कितीही दणकट असलं तरी पाण्याशी त्याचं जमत नाही.

ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे, त्यांना यातलं बरंचसं लागू नाही. जुन्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्यांनी मात्र माझ्याहून अधिक जपावं, कारण त्या मांडणीत कडेची एकही कळ रिकामी नाही.

श्रोतेहो, वस्तू बाहेरच्या भाषेसाठी घडते आणि आपल्याकडे येते, यात गैर काही नाही. आपण तिला आपले पाच शब्द लिहून दाखवायला सांगावं, एवढंच. मागणाऱ्यानं मागितलं नाही तर दुकानदारालाही ‘ळ’ कुठं असतो हे कधी कळणार नाही.

अकरा वह्यांपैकी सात पूर्ण झाल्या. भिजलेल्या तिघींपैकी एकीचं काम सध्या चालू आहे. काल खालानं एका गाण्याचं हरवलेलं कडवं सांगितलं. तिचं म्हणून संपलं, त्या पाठोपाठ माझंही लिहून झालं होतं. करंगळी दुखली नाही.