काचपात्रातील फलन

'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला पर्याय शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. पण या एका शब्दाने जेवढा गैरसमज पसरवला तेवढा दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच पसरवला असेल. परीक्षानळीत मूल वाढत नाही. ज्या पात्रात स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट घडते, ते एखाद्या बशीसारखे पसरट असते. आणि त्या पात्रात भ्रूणाचा मुक्काम फार तर पाचसहा दिवसांचा. पुढचे सारे महिने तो आईच्या उदरातच असतो, तुम्हीआम्ही होतो तसाच.

मग हे पाचसहा दिवस बाहेर काढण्याचे कारण काय? निसर्गाची रीत पाहिली म्हणजे ते ध्यानात येते. दर महिन्यास बीजांडकोशातून बहुधा एक बीज सुटते आणि गर्भाशयाच्या बाजूस असलेल्या नलिकेत शिरते. ही नलिका वीतभरही लांब नसते. शुक्राणूंशी बीजाची गाठ पडते ती या नलिकेत, गर्भाशयात नव्हे. फलन झाल्यावर ते बीज विभागत विभागत चारपाच दिवसांनी गर्भाशयात उतरते आणि तेथे रुजते. आता ही नलिकाच बुजलेली असेल तर? बीज उत्तम, शुक्राणू उत्तम, गर्भाशय निरोगी. आणि तरीही भेट नाही. नदीच्या दोन तीरांवर दोन माणसे उभी असावीत आणि मधला पूल वाहून गेलेला असावा, तशी ही अवस्था.

आपल्या देशात हा पूल मोडण्याचे एक मोठे कारण म्हणजे क्षय. क्षय हा फुप्फुसांचा रोग अशी आपली समजूत असते. पण तो गर्भनलिकांतही ठाण मांडतो, आणि कित्येकदा खोकल्याचे नाव नसताना दोन्ही नलिका कायमच्या निकामी करून टाकतो. त्या स्त्रीला आपण आजारी होतो याचा पत्ताही नसतो. लग्नानंतर काही वर्षांनी तिला ओटीभरणाला बोलवायचे की नाही, याची कुजबुज मात्र सुरू झालेली असते. एका जंतूच्या करणीचे खापर तिच्या पायगुणावर फुटते.

इंग्लंडमधील लेस्ली ब्राउन या बाईंच्या नलिका अशाच बुजलेल्या होत्या. शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळेची बाजू सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांनी सुमारे दहा वर्षे अपयशामागून अपयश पचवले होते. अखेर २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईझ ब्राउन जन्मली. एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१० साली. तोवर स्टेप्टो आणि पर्डी हे दोघेही हयात नव्हते.

या उपचारात प्रत्यक्ष काय करतात, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण भीती असते ती न कळण्याची. आठदहा दिवस किंवा थोडे अधिक, रोज संप्रेरकांची इंजेक्शने देतात. त्यामुळे एका बीजाऐवजी अनेक बीजे एकदम पक्व होऊ लागतात. ती किती वाढली हे सोनोग्राफीने पाहिले जाते. मग शेवटचे एक इंजेक्शन, आणि त्यानंतर सुमारे ३५ तासांनी, भूल देऊन, सोनोग्राफीच्या आधाराने एका लांब सुईतून ती बीजे शोषून घेतात. पोट कापावे लागत नाही. बीजे आणि पतीचे शुक्राणू पात्रात एकत्र ठेवतात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली फलन झाले की नाही ते कळते. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी एक भ्रूण, क्वचित दोन, बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे वाट पाहायची. सगळ्या उपचारात हेच दिवस सर्वांत कठीण, असे म्हणावेसे वाटते; कारण या दिवसांत करण्यासारखे कोणाच्याच हाती फारसे काही नसते.

आता पुरुषांविषयी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत काही ना काही उणेपणा पुरुषाकडेही सापडतो. त्याची पहिली तपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित असते. तरीही ती बहुधा सर्वांत शेवटी होते. तोवर पत्नीच्या तपासण्या, उपासतापास, नवससायास सारे आटोपलेले असते. हे शास्त्राला धरून तर नाहीच, न्यायालाही धरून नाही. शुक्राणू फार थोडे असले तरी आता निराश होण्याचे कारण नाही. एकच शुक्राणू सुईच्या अग्राने बीजात सोडण्याची युक्ती ब्रुसेल्स येथे साधली आणि १९९२ पासून तशी मुले जन्मास येऊ लागली.

आपल्याकडे गांधारीच्या घृतकुंभांचा दाखला देऊन हे शास्त्र आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असे सांगणारे लोक भेटतात. व्यासांची प्रतिभा थोर होती. तिला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र कशाला हवे? अभिमानच बाळगायचा तर तो कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा बाळगावा. लुईझच्या जन्मानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, त्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. 'दुर्गा' या नावाने ती प्रसिद्ध झाली. बीजांडकोशाला संप्रेरकांनी चेतवणे, भ्रूण गोठवून ठेवणे आणि पुढच्या एखाद्या पाळीत तो गर्भाशयात सोडणे, ही त्यांची पद्धत. इंग्लंडमध्ये लुईझच्या वेळी यांपैकी काहीच केलेले नव्हते. आज मात्र जगभर हीच रीत चालते. पण राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अविश्वसनीय ठरवला. पुढे त्यांची बदली झाली ती एका नेत्ररोग संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

पुढे मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याने ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली, आणि भारतातील पहिली अशी तिची नोंद झाली. १९९७ साली आनंदकुमार यांना मुखोपाध्यायांची टिपणे पाहावयास मिळाली. ती वाचून त्यांनी स्वतःच लिहिले की पहिलेपणाचा मान कलकत्त्याचा आहे, आपला नव्हे. आपल्या हातातला मान असा दुसऱ्याच्या समाधीवर नेऊन ठेवणारी माणसे विरळा.

अशी मुले पुढे नीट वाढतात का, त्यांना मुले होतात का, असेही लोक विचारतात. लुईझ ब्राउनला २००६ साली पुत्र झाला, तोही कोणत्याही उपचारावाचून. मुंबईची ती मुलगी २०१६ साली आई झाली.

मात्र या उपचाराच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हव्यात, कारण जाहिरातींत त्या सापडत नाहीत. तो बुजलेली वाट चुकवून जातो, वय मात्र चुकवू शकत नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सारी बीजे तिच्याबरोबर येतात. नवीन तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि गुण दोन्ही वेगाने घटतात, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर यश येण्याचे प्रमाण फारच उतरते. तरुण वयातही एका प्रयत्नात यश न येणे हीच नेहमीची गोष्ट होय. अर्थात निरोगी तरुण जोडप्यालाही कोणत्याही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता चारपाचांत एक एवढीच असते, हे विसरू नये. इंजेक्शनांनी बीजांडकोश फाजील चेतवले जाऊन पोटात पाणी साठण्याचा धोका असतो. जुळ्यांचा मोह धरून दोनतीन भ्रूण सोडावयास लावणे आईच्या आणि बाळांच्याही जिवावर बेतू शकते.

भारतात या उपचारासाठी २०२१ साली कायदा झाला आहे. केंद्राची नोंदणी असलीच पाहिजे. स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत असावे लागते. मुलगा की मुलगी हे निवडून देतो असे कोणी सांगू लागला तर तो गुन्हा करीत आहे असे समजावे आणि तेथून उठावे. पहिल्या भेटीत नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. आपल्या वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींच्या घरी प्रत्यक्ष मूल आले, ते विचारावे. नुसता गर्भ राहिल्याचा आकडा ऐकून समाधान मानू नये, कारण राहिलेला प्रत्येक गर्भ टिकतोच असे नाही. खर्च एका प्रयत्नाचा किती आणि औषधांचा निराळा किती, तो लिहून घ्यावा. जमीन गहाण टाकून, दागिने मोडून चौथ्यापाचव्या प्रयत्नाला उभी राहिलेली कुटुंबे आहेत. प्रत्येक वेळी 'आता एकदाच' असे म्हणत ती तेथवर आलेली असतात. म्हणून किती वेळा प्रयत्न करावयाचा आणि कोठे थांबावयाचे, हे पतिपत्नींनी घरीच, पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वी, ठरवून ठेवावे.