नोंद नसलेल्या मूर्तीला कायदा वाली नाही

मूर्ती, ताम्रपट, हस्तलिखिते देशाबाहेर जाऊ नयेत यासाठी भारतात मुख्य कायदा आहे तो 1972 चा, पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम. तो अमलात यायला 1976 साल उजाडले. 100 वर्षांची वस्तू, महत्त्वाचे हस्तलिखित असेल तर 75 वर्षांचे, या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती परदेशी नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. बेकायदा निर्यातीला शिक्षा किती, तर सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. कोट्यवधींच्या धंद्यात तीन वर्षांची कैद तस्कराला परवडते. संसदेने ही शिक्षा वाढवलीच पाहिजे.

पण शिक्षेच्या आधी पुरावा लागतो, आणि खरी हार तिथेच होते. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या चोळकालीन देवळातून नटराजाची कांस्यमूर्ती 2006 च्या सुमारास चोरीला गेली. देऊळ बंद असे. चोरी कळली 2008 मध्ये. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलरला घेतली. सोबतचे कागद सांगत होते की मूर्ती 1970 मध्येच दिल्लीत विकत घेऊन पुढे सुदानला नेली होती. हे साल मुद्दाम निवडलेले होते. व्यवहार इतका जुना दाखवला की 1972 चा कायदा आड येत नाही, आणि युनेस्कोचा 1970 चा करारही मागच्या व्यवहारांना लागू होत नाही.

ही बनावट उघडी पडली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने 1994 मध्ये त्याच देवळात घेतलेल्या छायाचित्रांमुळे. सुदानला गेलेली मूर्ती 1994 मध्ये गावात कशी, याला उत्तर नव्हते. 2014 मध्ये नटराज परत आला. कपूरला 2022 मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने मूर्तीतस्करीच्या खटल्यात 10 वर्षांची शिक्षा सुनावली.

त्याआधी तमिळनाडूतल्याच पत्तूर गावच्या नटराजाचा खटला थेट लंडनमध्ये लढला गेला. मूर्ती सापडली होती एका पडक्या देवळाच्या आवारात, 1976 मध्ये. लंडनच्या अपील न्यायालयाने 1991 मध्ये देवळालाच दावेदार मानले. पूजा थांबली, भिंती पडल्या, तरी देवाचा हक्क बुडत नाही, हे परक्या न्यायालयाने मान्य केले!

महाराष्ट्रात दिवेआगरचा घाव ताजाच आहे. 1997 मध्ये वाडीत सापडलेला सुवर्णगणेशाचा मुखवटा 24 मार्च 2012 च्या दरोड्यात गेला, दोन रखवालदारांचा जीव गेला आणि सोने वितळवले गेले. छायाचित्रांनी तो मुखवटा परत येत नाही. तिथे पहाराच पुरेसा हवा होता. दगडी आणि पितळी मूर्तींचे तसे नाही. त्या अखंड विकल्या जातात, म्हणून ओळखताही येतात.

तरीही कित्येक देवस्थाने वज्रलेप आणि चांदीच्या प्रभावळीवर पैसा ओततात आणि मूर्तीची उंचीसुद्धा कुठे लिहून ठेवत नाहीत. गाभाऱ्यात फोटो चालत नाही म्हणतात. भाविकांना मनाई जरूर असावी. विश्वस्तांनी मात्र वस्त्रे उतरवून पुढून, मागून, पीठाखालून छायाचित्रे घ्यावीत, भंगलेले बोट, लेखाची अक्षरे, वजन, मापे नोंदवावीत. एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयात ठेवावी. ही नोंद न करणाऱ्या विश्वस्तांना जाब विचारण्याची तरतूद कायद्यातच हवी.