औषधदान आणि सेविकेचे वेतन



जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. त्यांतील औषधदान आज बहुधा वस्तुरूपाने होते. कोणी खोली बांधून देतो, कोणी यंत्र, कोणी रुग्णवाहिका. दात्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते. त्यात गैर काही नाही. परंतु त्या खोलीत रात्र जागविणाऱ्या परिचारिकेचे वेतन दरमहा द्यावे लागते आणि वेतनावर नामफलक लावता येत नाही. शासकीय दवाखान्यात ते करातूनच येते.

हिंगणा तालुक्यात नागपूरच्या बाजूस औद्योगिक वसाहत आणि डिगडोहचे लता मंगेशकर रुग्णालय आहे. कान्होलीबाऱ्याकडे शेतकऱ्यांची गावे आहेत. अशा गावांत आजाऱ्याच्या दाराशी प्रथम पोहोचते ती 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली 'आशा', सुमारे 1,000 लोकसंख्येमागे एक. शासन तिला 'स्वयंसेविका' म्हणते. शब्द गौरवाचा खरा. पण त्याच शब्दामुळे ती कर्मचारी ठरत नाही, तिला वेतनश्रेणी मिळत नाही, कामागणिक मोबदला मिळतो.

गावातील प्रशिक्षित स्त्री घरोघरी जाऊन नवजात बालकांचे मृत्यू रोखू शकते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी विदर्भातच, गडचिरोलीत, सिद्ध केले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे 2011 मध्ये हे काम देशभरातील आशांकडे आले. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी 42 दिवसांत 6 भेटी द्यायच्या, वजन व ताप पाहायचा, स्तनपान नीट होते का ते पाहायचे. या साऱ्याचा तेव्हा ठरलेला मोबदला 250 रुपये, म्हणजे भेटीमागे 42 रुपयांहूनही कमी!

आता दानाचा हिशेब पाहावा. जुन्या करपद्धतीत 30 टक्के कर भरणाऱ्या दात्याने मान्यताप्राप्त संस्थेस 1 लाख रुपये दिले आणि त्यांतील निम्मी रक्कम वजावटीस पात्र ठरली, तर त्याचा 15,000 रुपये कर वाचतो. वर 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकराचे 600. कायद्याने दिलेली ही सवलत घेण्यात दोष नाही. तथापि त्या दानातील 15,600 रुपये सरकारी तिजोरीने सोडलेले असतात. वरील दराने तो 62 बालकांच्या गृहभेटींचा मोबदला होतो.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्यानंतरही महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला, मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये राज्याने मासिक मोबदल्यात 5,000 रुपयांची वाढ मान्य केली. सन्मानपत्राने किराणा येत नाही, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगायला नको.

म्हणून एखाद्या शासकीय आरोग्य केंद्रास इमारत वा यंत्र देण्यापूर्वी तेथील मंजूर पदे किती आणि भरलेली किती, आशांचा मोबदला कोणत्या महिन्यापर्यंत पोहोचला, हे ट्रस्टने जिल्हा परिषदेस लेखी विचारावे. पत्राला उत्तर न आल्यास कोणाही विश्वस्तास नागरिक म्हणून 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली ते मागता येते.