शांत घर आणि साधी खेळणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हां उभयतांस बालसंगोपनावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही ना वैद्य, ना शिक्षणशास्त्रज्ञ. परंतु गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक घडली आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी आहे, असे आमच्या सूनबाईंचे मत पडले. म्हणून हे धाडस.

नातवाच्या पहिल्या वाढदिवसास आपणांपैकी अनेकजण अगत्याने आला होता. रात्री भेटी मोजल्या, तो खेळणी त्रेचाळीस भरली. त्यांतील सर्वांत मोठी, दिवे लुकलुकणारी आणि गाणी म्हणणारी मोटार आमचीच होती. पुढील दोन महिने घराला स्वस्थता म्हणून नव्हती. बाळ एक खेळणे उचली, टाकी, दुसऱ्याकडे धावे आणि शेवटी रडू लागे. सूनबाई दिवसभर कचेरीचे काम करून संध्याकाळी गुडघ्यांवर बसून पसारा आवरीत. एकदा त्यांनी हळूच विचारले, "आई, बाबा, यातलं थोडं माळ्यावर ठेवू का?" आम्हांस राग आला. प्रेमाने दिलेल्या वस्तू माळ्यावर? चार दिवस घरात अबोला राहिला. सांगावयास लाज वाटते, पण झाले ते असे.

मग एके सायंकाळी त्याच मोटारीचे झाकण निखळले आणि आतील नाण्याएवढी बॅटरी बाळाने ओठांत धरलेली सूनबाईंच्या दृष्टीस पडली. त्यांनी तत्काळ काढून घेतली म्हणून निभावले. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतील त्वचा भाजून निघते, हे आम्हांस डॉक्टरांकडून नंतर कळले. त्या रात्री आम्हीच आपण होऊन माळ्याला शिडी लावली.

खाली पाच वस्तू ठेवल्या: लाकडी ठोकळे, एक मोठा कापडी चेंडू, जुन्या नऊवारीची शिवलेली बाहुली, स्वयंपाकघरातील दोन वाट्या व पळी, आणि गावच्या घरून आणलेला पांगुळगाडा. (पांगुळगाड्याला मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. मधोमध बसवून सोडण्याचे जे चाकांचे वॉकर मिळतात ते वेगळे. अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली.) पहिले तीन दिवस बाळाने मोटारीसाठी आकांत केला. आमचेही मन द्रवले होते. सूनबाई मात्र ढळल्या नाहीत. चौथ्या दिवशी तो वाटीत ठोकळा घालून पळीने ढवळीत बसला, आणि बराच वेळ बसला. घरात इतकी शांतता झाली की काय झाले ते पाहावयास आम्ही दोघेही उठून गेलो!

हा आमच्या एकट्याच्याच घरचा योगायोग नव्हे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी अठरा ते तीस महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिले. त्यांचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी अधिक तऱ्हांनी खेळली.

आपल्याकडे तर ही जाणीव जुनीच आहे. श्रीमती ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस जे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, त्यात माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तू आणल्या. आणि शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील रोहसेन आठवावा. मातीच्या गाडीवर त्याचे समाधान होईना, कारण शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिली होती. पोराची असंतुष्टता गाडीतून आली नाही, शेजारातून आली. आमच्या मते आपल्या समाजातील वाढदिवसांचीही गोष्ट याहून फार निराळी नाही. अमक्याने एवढे दिले, मग आपण तेवढे तरी द्यावे, या ओढाताणीत बाळाची आवड कोणी विचारीत नाही, आणि मध्यम प्राप्तीच्या कुटुंबास तो खर्च जड जातो तो वेगळाच.

मात्र 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असे कोणी समजू नये. गुंजा दिसावयास सुंदर, पण चावली गेल्यास अत्यंत विषारी. सागरगोटे, कवड्या, चिंचोके हे थोरल्या भावंडांचे खेळ. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती ते नकोत. सुमारे ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच, व्यासाच्या नळकांडीत जी वस्तू पुरती मावते ती घशात अडकू शकते, असे मोजमाप खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी वापरतात. लाकडाची कूस निघालेली नाही ना, हे स्वतःच्या गालावरून फिरवून पाहावे.

रंगाविषयी दोन शब्द. चन्नपट्टणची खेळणी चरकावर फिरत असतानाच लाखेचा रंग घर्षणाच्या उष्णतेने लाकडावर बसवितात व केवड्याच्या पातीने चकाकी आणतात. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी फळे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. ती घ्यावीत, पण रंग कोणता, हे विचारून घ्यावीत, कारण तान्हे मूल प्रत्येक वस्तू प्रथम जिभेने पाहते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम सरकारने २०१६ साली केला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्हही आवश्यक झाले, परंतु नोंदणीकृत हस्तकारागिरांस त्यातून सूट आहे. म्हणजे कारागिराकडून घेताना चिन्ह नसले तर तो लबाड ठरत नाही. चौकशीचा भार मात्र आपणांवर येतो.

मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. ज्ञातीतील वाढदिवसाच्या निमंत्रणावर, "भेटवस्तू आणल्यास एक साधे खेळणे अनेकांनी मिळून आणावे," अशी ओळ छापण्याचा प्रघात पडावा. पहिली ओळ आमच्या घरच्या पत्रिकेवर छापली गेली आहे. नातवाच्या दुसऱ्या वाढदिवसास सहा कुटुंबांनी मिळून एक लाकडी बैलजोडी आणली. ती पाहण्यास आपण अवश्य यावे. मोटार दाखविता येणार नाही. ती माळ्यावरच्या पेटीत आहे आणि पेटीची किल्ली सूनबाईंकडे आहे.